अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि योग्यतेची पारख

प्रास्ताविक :

अमेरिकेच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी तीनच अटी घातल्या आहेत. तो जन्मतः अमेरिकेचा नागरिक असावा, त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि त्याचे १४ वर्षे देशात वास्तव्य झालेले असावे. शिक्षण, प्रशासनाचा अनुभव, कायद्याचे ज्ञान यांपैकी कशाचाही उल्लेख तेथे आढळत नाही. आपल्याकडे महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी पदव्युत्तर परीक्षेतील टक्केवारी, नेट-सेट, संशोधन लेख आणि मुलाखत अशी छाननी होते. जगातील सर्वांत बलाढ्य लष्कराचा सरसेनापती होण्यासाठी मात्र जन्माचा व वास्तव्याचा दाखला पुरतो. ही तुलना वर्गात केली की विद्यार्थी हसतात. परंतु त्यातील विसंगती वरवरची आहे. घटनाकारांनी योग्यतेचा प्रश्न विसरून सोडून दिला नव्हता. तो अटींच्या यादीतून न सोडविता निवडीच्या पद्धतीतून सोडवावयाचा, असे त्यांनी ठरविले होते.

ती पद्धत आज अस्तित्वात नाही. तिचे नाव व बाह्य सांगाडा तेवढा उरला आहे. म्हणूनच 'अमेरिकेची निवडणूक सर्वांत योग्य व्यक्तीस नेतृत्व देते काय?' या प्रश्नाचे उत्तर शोधताना केवळ नोव्हेंबरमधील मतदानाकडे पाहून चालत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मतदान ही मुळात योग्यतेची नव्हे, तर स्वीकारार्हतेची परीक्षा होय. योग्यतेची जी काही पारख होत असे ती मतदानापूर्वी, उमेदवारास जवळून ओळखणाऱ्या राजकीय सहकाऱ्यांकडून होत असे. आणि गेल्या अर्धशतकात ही पारख जवळजवळ लोप पावली आहे.

घटनाकारांची अपेक्षा :

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे भरलेल्या घटना परिषदेत राष्ट्राध्यक्षाची निवड कोणी करावी, या मुद्द्यावर दीर्घ चर्चा झाली. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन थेट लोकांकडून निवड व्हावी या मताचे होते. त्याउलट व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी, लोकांकडे ही निवड सोपविणे म्हणजे अंधाकडे रंगांची परीक्षा सोपविण्यासारखे आहे, असा आक्षेप घेतला. हे विधान आज उद्धट वाटते; पण त्यामागे एक व्यावहारिक अडचणही होती. रेल्वे, तारायंत्र, देशव्यापी वृत्तपत्रे यांपैकी काहीच नसलेल्या त्या काळात जॉर्जियातील शेतकऱ्यास मॅसॅच्युसेट्समधील माणसाची पारख होणार कशी?

तडजोड म्हणून निर्वाचक मंडळाची कल्पना पुढे आली. प्रत्येक राज्याने काही जाणते निर्वाचक नेमावेत, त्यांनी आपापल्या राज्यात एकत्र येऊन विचारविनिमय करावा आणि मत द्यावे. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी मार्च १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेडरलिस्ट' मालेतील ६८ व्या लेखात या पद्धतीचे समर्थन केले आहे. हलक्या कारस्थानांच्या आणि लोकप्रियतेच्या युक्त्यांच्या बळावर एखाद्या राज्यात मोठे पद मिळविता येईल, परंतु संपूर्ण संघराज्याचा विश्वास संपादन करावयास निराळे गुण लागतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. अपात्र व्यक्ती या पदापर्यंत क्वचितच पोहोचेल, याची त्यांना जवळपास खात्री वाटत होती.

ही खात्री फार काळ टिकली नाही. राजकीय पक्ष उदयास आले आणि निर्वाचक हे विचार करणारे पंच न राहता पक्षाचे मत पोहोचविणारे दूत बनले. १८०० च्या निवडणुकीत थॉमस जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांना समसमान मते पडली, आणि प्रतिनिधिगृहात ३६ व्या फेरीत निर्णय लागला. त्यातून १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती झाली. पुढील दोन शतके निर्वाचक मंडळ मते मोजण्याचे यंत्र म्हणून चालू राहिले. २०१६ मध्ये सात निर्वाचकांनी आपापल्या पक्षाच्या उमेदवाराऐवजी अन्य नावास मत दिले. त्यांच्यापैकी काहींनी हॅमिल्टन यांच्याच नावाचा आधार घेतला होता. परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्वाचकास पक्षाच्या उमेदवाराशी बांधून ठेवण्याचा व ते न पाळल्यास दंड करण्याचा राज्यास अधिकार आहे, असा निर्णय दिला. हॅमिल्टन यांनी कल्पिलेली चाळणी अशा रीतीने कायद्यानेच बंद झाली.

यंत्र म्हणूनही निर्वाचक मंडळ निर्दोष नाही. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात सुमारे ५ लाख ४० हजार मते अधिक मिळूनही फ्लोरिडातील ५३७ मतांच्या फरकाने जॉर्ज डब्ल्यू. बुश अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांची आघाडी २८ लाखांहून अधिक होती, तरी डोनाल्ड ट्रम्प विजयी झाले. या अन्यायाची चर्चा आपल्या पाठ्यपुस्तकांत पुष्कळ होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तो दुय्यम आहे, कारण थेट मतगणनेने अधिक लोकप्रिय उमेदवार निवडला जाईल. अधिक योग्य उमेदवार निवडला जाईलच असे नाही.

चांगला उमेदवार आणि चांगला अध्यक्ष :

ब्रिटिश विद्वान जेम्स ब्राइस यांनी 'द अमेरिकन कॉमनवेल्थ' या १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, थोर माणसे अध्यक्ष का होत नाहीत, या प्रश्नास एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा एका भेदात आहे. चांगला अध्यक्ष होण्यास लागणारे गुण वेगळे आणि चांगला उमेदवार होण्यास लागणारे गुण वेगळे. पक्षाला आधी निवडणूक जिंकावयाची असल्याने तो दुसऱ्या प्रकारच्या गुणांकडे पाहतो. मोठ्या कर्तृत्वाच्या माणसाने आयुष्यात मोठे निर्णय घेतलेले असतात, आणि प्रत्येक निर्णयाने काही शत्रू निर्माण केलेले असतात. ज्याने फारसे काही केलेले नाही, त्याच्यावर कोणाचा रागही नसतो.

ब्राइस ज्या काळाविषयी लिहीत होते, त्या काळात उमेदवारी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात ठरत असे. डेमोक्रॅटिक पक्षात दोन तृतीयांश प्रतिनिधींची मते मिळाल्याखेरीज उमेदवारी निश्चित होत नसे. हा नियम १९३६ पर्यंत होता. त्यामुळे सर्वांना थोडा थोडा मान्य असलेला माणूस पुढे येई. जेम्स पोक यांची १८४४ मध्ये नवव्या फेरीत आणि फ्रँकलिन पिअर्स यांची १८५२ मध्ये ४९ व्या फेरीत निवड झाली. १९२४ मध्ये तर १०३ फेऱ्या झाल्या, आणि एवढे करून निवडलेले जॉन डेव्हिस निवडणुकीत सपशेल पराभूत झाले.

१९२० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनाच्या वेळी ब्लॅकस्टोन हॉटेलातील एका खोलीत बसून पुढाऱ्यांनी वॉरेन हार्डिंग यांचे नाव पक्के केले, अशी कथा प्रसिद्ध आहे. 'धुराने भरलेली खोली' हा शब्दप्रयोग तेव्हापासून अमेरिकन राजकारणात रूढ झाला. हार्डिंग दिसावयास रुबाबदार होते आणि स्वभावाने मनमिळाऊ होते. त्यांच्या कारकिर्दीत तेलसाठ्यांच्या भाडेपट्ट्यांचा टीपॉट डोम घोटाळा घडला आणि त्यांच्या अंतर्गत व्यवहार मंत्र्यास पुढे तुरुंगवास भोगावा लागला. तेव्हा बंद खोलीतील निवड म्हणजे शहाण्यांची निवड, असा समज करून घेण्याचे कारण नाही. जुन्या पद्धतीविषयी अलीकडे काही अभ्यासकांच्या लेखनात जी हळहळ डोकावते, ती प्रस्तुत लेखकास अतिरंजित वाटते.

तरीही त्या खोलीत एक गोष्ट होती, जी आज नाही. तेथे बसलेली माणसे उमेदवारास ओळखत होती. तो शब्दाला किती जागतो, संकटात त्याचा तोल जातो काय, याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. १८६० च्या शिकागो अधिवेशनात विल्यम सिवर्ड हे न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर व ज्येष्ठ सिनेटर पहिल्या फेरीत आघाडीवर होते. प्रतिनिधींनी तिसऱ्या फेरीत अब्राहम लिंकन यांना पसंती दिली. त्यामागे अटीतटीच्या राज्यांचे गणितच प्रामुख्याने होते, हे खरे. पण ते गणित मांडणारे इलिनॉयमधील वकील व कार्यकर्ते लिंकन यांना वर्षानुवर्षे पाहत आले होते. ज्या नियतकालिकात हा लेख वाचला जात आहे, त्याच्या वाचकांस 'समकक्ष परीक्षण' ही संकल्पना परिचित आहे. तिचे दोषही परिचित आहेत. समकक्ष परीक्षक कंपूबाजी करतात, नव्या विचाराला घाबरतात, आणि तरीही त्यांच्या नजरेतून जे सहज सुटत नाही ते सामान्य वाचकाच्या नजरेतून सुटते.

१९६८ नंतर :

१९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धामुळे देश दुभंगलेला होता. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३१ मार्च रोजी पुन्हा उमेदवारी न घेण्याचे जाहीर केले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, आणि ऑगस्टमधील शिकागो अधिवेशनात एकही प्रायमरी न लढविलेल्या ह्युबर्ट हंफ्री यांना डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारी दिली. सभागृहाबाहेर पोलीस निदर्शकांवर लाठ्या चालवीत होते. या प्रकारानंतर पक्षाने नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने प्रतिनिधी निवडीचे नियम आमूलाग्र बदलले. परिणामतः १९७२ पासून उमेदवारी पक्षाच्या पुढाऱ्यांकडून निसटून राज्याराज्यांतील प्रायमरी व कॉकस यांच्या हाती गेली. आयोगाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच नव्या नियमांनी १९७२ चे उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

हा बदल लोकशाहीच्या दिशेने होता यात शंका नाही. कृष्णवर्णीय, स्त्रिया व तरुण यांना अधिवेशनात जागा मिळाली ती याच सुधारणांमुळे. पण 'लोकांनी निवडले' याचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे आकड्यांवरून पाहावे लागेल. २०१६ मध्ये ट्रम्प यांना रिपब्लिकन प्रायमरींत सुमारे १ कोटी ४० लाख मते मिळाली. ती त्या पक्षाच्या एकूण प्रायमरी मतांच्या निम्म्याहून कमी होती. हिलरी क्लिंटन यांना डेमोक्रॅटिक प्रायमरींत सुमारे १ कोटी ६९ लाख मते मिळाली. त्या वेळी मतदानास पात्र नागरिकांची संख्या सुमारे २३ कोटी होती. म्हणजे अंतिम दोन उमेदवार ठरविणारे मतदार दोन्ही पक्ष मिळून शेकडा चौदांहूनही कमी होते. नोव्हेंबरमध्ये उरलेल्यांपुढे दोघांपैकी एक, एवढाच पर्याय राहिला.

शिवाय हे मतदार एकाच दिवशी मत देत नाहीत. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यांनी दीर्घकाळ प्रथम मतदान केले, आणि तेथील यशापयशावर पुढचा पैसा व प्रसिद्धी अवलंबून राहिली. जॉर्जियाचे एका मुदतीचे गव्हर्नर जिमी कार्टर १९७६ मध्ये आयोवातूनच देशाला माहीत झाले. पैशाविषयी येथे विस्तार करीत नाही. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निर्णयानंतर कंपन्यांच्या व कामगार संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील मर्यादा उठल्या, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

दीर्घ प्रचार हीच एक परीक्षा आहे, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. बराक ओबामा २००५ मध्ये सिनेटमध्ये आले आणि चार वर्षांत अध्यक्ष झाले. त्यांचा राष्ट्रीय पातळीवरील अनुभव अल्प होता. परंतु २००७-०८ मधील त्यांच्या प्रचार यंत्रणेने संघटनेची, चिकाटीची व संयमाची जी साक्ष दिली ती कोणत्याही मुलाखतीत मिळाली नसती. मात्र प्रचारात प्रतिस्पर्ध्यास हरवावयाचे असते. काँग्रेसमध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याच्या पक्षाकडून विधेयक संमत करून घ्यावयाचे असते. पहिल्या कामातील नैपुण्य दुसऱ्यात उपयोगी पडेल, असा नियम नाही.

२०२४ मध्ये या पद्धतीची दुसरी बाजू दिसली. अध्यक्ष जो बायडेन यांना प्रायमरींत नाव घेण्याजोगा प्रतिस्पर्धी नव्हता. कोट्यवधी मते पडली, पण त्यांच्या वयाचा व क्षमतेचा प्रश्न तेथे कसोटीला लागलाच नाही. २७ जूनच्या वादसभेनंतर पक्षातील ज्येष्ठांचा दबाव वाढला आणि २१ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली. प्रायमरीने जे केले नाही, ते सहकाऱ्यांच्या अनौपचारिक पारखीने साडेतीन आठवड्यांत केले. अर्थात, त्यांच्या जागी आलेल्या कमला हॅरिस यांनाही कोणत्याच प्रायमरीतून जावे लागले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ निर्वाचक मतांनी विजयी झाले.

कागदावरील योग्यता :

येथवर 'योग्यता' हा शब्द त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असल्याप्रमाणे वापरला. तसा तो ठाऊक नाही. जेम्स ब्युकॅनन यांच्याइतका भरगच्च जीवनवृत्तांत फार थोड्या अध्यक्षांचा असेल. प्रतिनिधिगृहाचे सदस्य, रशियातील राजदूत, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, ब्रिटनमधील राजदूत अशी पदे भूषवून ते १८५७ मध्ये अध्यक्ष झाले. चार वर्षांनी त्यांनी पद सोडले तेव्हा दक्षिणेतील सात राज्ये फुटून निघाली होती. त्यांच्यामागून आलेल्या लिंकन यांच्या नावावर राज्य विधिमंडळाच्या चार मुदती, प्रतिनिधिगृहाची एक मुदत आणि सिनेटच्या उमेदवारीतील अपयश एवढेच होते. सी-स्पॅन या वाहिनीने २०००, २००९, २०१७ व २०२१ मध्ये इतिहासकारांची मते घेतली. चारही वेळा लिंकन पहिले आणि ब्युकॅनन शेवटचे आले.

हर्बर्ट हूवर यांचे उदाहरण अधिक करुण आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या भुकेल्या जनतेस अन्न पोहोचविणारा हा अभियंता जगातील उत्तम प्रशासकांपैकी एक मानला जात होता. १९२८ मध्ये त्यांची निवड झाली तेव्हा योग्य माणूस योग्य जागी गेला, असे म्हणण्यास पुरेसा आधार होता. वर्षभरात महामंदी आली आणि हूवर तिच्यापुढे हतबल ठरले. त्याउलट पदवी नसलेले हॅरी ट्रुमन अवघ्या ८२ दिवसांच्या उपाध्यक्षपदानंतर रूझवेल्ट यांच्या मृत्यूमुळे अध्यक्ष झाले, आणि मार्शल योजना व नाटो यांची उभारणी त्यांच्या काळात झाली.

प्राध्यापक वर्गास वुड्रो विल्सन यांच्याविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. पीएच.डी. मिळविलेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख. काँग्रेसच्या कारभारावरील मान्यताप्राप्त ग्रंथाचे लेखक. पण काँग्रेसवर ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानास राष्ट्रसंघाचा करार सिनेटकडून संमत करून घेता आला नाही. आणि त्यांच्याच काळात संघ सरकारच्या कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसविण्याची प्रथा फोफावली. सी-स्पॅनच्या मतचाचणीत विल्सन २००० मध्ये सहावे होते, २०२१ मध्ये तेरावे झाले. इतिहासकारांचा निकालही कालसापेक्ष असतो, हे यावरून ध्यानात येते.

गौतम मुकुंदा यांनी 'इनडिस्पेन्सेबल' या २०१२ मधील ग्रंथात या गुंत्याची एक उकल सुचविली आहे. राजकीय चाळणीतून वर्षानुवर्षे पारखून आलेले नेते बहुधा मध्यम प्रतीचे निघतात, कारण चाळणी वेगळ्या माणसांना बाजूला काढते. चाळणी चुकवून आलेल्यांत अत्युत्तमही सापडतात आणि अतिशय वाईटही. ही मांडणी मान्य केल्यास प्रश्नाचे स्वरूप बदलते. चाळणी सैल केली की लिंकन मिळण्याची शक्यता वाढते, पण त्याच मापाने विपरीत निवडीचा धोकाही वाढतो. आणि अण्वस्त्रांचा ताबा असलेल्या पदाबाबत हे दोन्ही धोके समान मानता येत नाहीत. उत्तम नेता हुकला तर देशाचे नुकसान होते; अपात्र नेता आला तर ते भरून येईल याची शाश्वती नसते. प्रायमरी पद्धतीवरील मुख्य आक्षेप येथे आहे. ती सर्वोत्तमास शोधत नाही ही तक्रार गौण, कारण तसे कोणतीच पद्धत करू शकत नाही. निकृष्टास अडविणारे तिच्यात कोणी उरले नाही, ही तक्रार खरी.

निवडीनंतरची पारख :

निवड चुकली तर पुढे काय? या प्रश्नावर भारताच्या घटनाकारांनी बारकाईने विचार केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अध्यक्षीय व संसदीय पद्धतींची तुलना केली. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धत उत्तरदायित्व अधिक देते, असे सांगून त्यांनी उत्तरदायित्वाच्या पारखीचे दोन प्रकार केले : ठराविक मुदतीने मतदारांनी करावयाची आणि प्रश्न, ठराव, अविश्वास यांद्वारे सभागृहाने रोजच्या रोज करावयाची. दुसरी अमेरिकेत नाही, आणि भारतासारख्या देशास तीच अधिक आवश्यक आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेव्हा अध्यक्षपदी विल्सन होते. महाराष्ट्रातीलच वसंतराव साठे यांनी १९८० च्या दशकात भारतासाठी अध्यक्षीय पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हा त्यांना प्रामुख्याने या स्थैर्याचे आकर्षण होते.

अमेरिकेत मुदतीपूर्वी अध्यक्षास दूर करण्याचे मार्ग कागदावर दोन आहेत. २०२४ अखेरपर्यंत प्रतिनिधिगृहाने तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग चालविला : अँड्र्यू जॉन्सन १८६८, बिल क्लिंटन १९९८ आणि डोनाल्ड ट्रम्प २०१९ व २०२१. सिनेटने एकासही दोषी ठरविले नाही. जॉन्सन एका मताने वाचले. २०२१ मध्ये ५७ सिनेटरांनी दोषी ठरविण्याच्या बाजूने मत दिले, पण ६७ मते आवश्यक होती. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीतील चौथे उपकलम, ज्यान्वये उपाध्यक्ष व मंत्रिमंडळ अध्यक्षास असमर्थ घोषित करू शकतात, तोवर एकदाही वापरले गेले नाही.

या इतिहासात एक अपवाद आहे. ७ ऑगस्ट १९७४ रोजी रिपब्लिकन पक्षाचे तीन ज्येष्ठ नेते, बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स, व्हाइट हाऊसमध्ये रिचर्ड निक्सन यांना भेटले आणि काँग्रेसमध्ये आता आपल्यामागे पुरेशी मते नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केले. यांपैकी गोल्डवॉटर हे १९६४ मध्ये ४४ राज्यांत पराभूत झालेले उमेदवार. निक्सन १९७२ मध्ये ४९ राज्यांत जिंकलेले अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी रात्री निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी आलेले जेराल्ड फोर्ड २५ वर्षे प्रतिनिधिगृहात काम केलेले, दोन्ही पक्षांना परिचित असे गृहस्थ होते. उपाध्यक्षपदी त्यांची नेमणूक १९७३ मध्ये सिनेटने ९२ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधिगृहाने ३८७ विरुद्ध ३५ मतांनी मान्य केली होती. अध्यक्ष वा उपाध्यक्ष म्हणून मतदारांनी कधीही न निवडलेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष होत. महिन्याभरात त्यांनी निक्सन यांना माफी दिली, आणि १९७६ मध्ये मतदारांनी त्यांना घरी पाठवून आयोवातून आलेल्या कार्टर यांना निवडले.